काडीविना आग

पेट्रोलच्या इंजिनात प्लग असतो. त्यातून ठिणगी उडते आणि पेट्रोल पेटतं. आपल्या ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून बघा, पोरांनो, शोधून शोधून दमाल, पण ठिणगीचा प्लग काही सापडायचा नाही. तरीही ट्रॅक्टर भरात असला की एकेका सिलिंडरात मिनिटाला हजार-हजार वेळा जाळ होतो.

"मग पेटतं कशानं, आबा?" मुक्तानं विचारलं.

दाबानं. हवा झटकन दाबली की ती तापते. मलाया-इंडोनेशियाकडच्या लोकांना ही युक्ती फार जुन्या काळापासून ठाऊक होती. बांबूची नाहीतर शिंगाची बोटभर नळी करायची, एक तोंड बंद. दुसऱ्या तोंडातून घट्ट बसणारा दट्ट्या घालायचा, त्याच्या टोकाच्या खाचेत चिमूटभर सुकं, चटकन पेट घेणारं भुसभुशीत काहीतरी भरायचं. मग दट्ट्यावर तळहाताचा एक सणसणीत रट्टा हाणायचा आणि लगेच तो बाहेर ओढायचा. टोक धुमसत बाहेर येतं! काडी नाही, गारगोटी नाही, आत कोंडलेली हवाच एवढी तापते.

म्युनिकच्या तंत्रविद्यालयात कार्ल फॉन लिंडे नावाचे प्राध्यापक होते. गारवा तयार करण्याच्या यंत्रांतले ते मोठे जाणकार. त्यांनी अशीच एक नळी वर्गात पेटवून दाखवली आणि एका विद्यार्थ्याच्या डोक्यात ती कायमची बसली, असं सांगतात. नळीची गोष्ट खरी किती नि रचलेली किती, ते सोडा. विद्यार्थी मात्र खरा, रुडॉल्फ डिझेल. शिक्षण संपल्यावर तो पॅरिसला लिंडेंच्याच बर्फाच्या यंत्रांवर नोकरीला लागला. म्हणजे ज्यानं पुढे जगातलं सगळ्यात गरम डोक्याचं इंजिन काढलं, त्याची उमेदवारी झाली बर्फाच्या कारखान्यात! 1892 मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि 1897 मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला त्याचं इंजिन सगळ्यांसमोर व्यवस्थित चाललं. 1913 च्या सप्टेंबरात तो इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत बसला आणि रात्रीतून नाहीसा झाला. ती गोष्ट वेगळी आहे, मध्येच काढू नका.

आपल्याला हवा आहे तो जाळाचा हिशेब. ओम, वही घे.

पाणी गोठतं तिथं आपण शून्य अंश धरला, ती आपली सोय. निसर्गाचा शून्य फार खाली, उणे 273 वर आहे. तिथून मोजलं तर आपल्या निफाडची 27 अंशांची दुपार म्हणजे 300. सिलिंडरात हवा 17 पट दाबली जाते असं धरू. एवढी दाबली आणि उष्णता जराही बाहेर निसटू दिली नाही, तर हे तापमान सुमारे 3.1 पट होतं. किती झाले?

"नऊशे तीस."

त्यातून 273 वजा कर. 657 अंश. त्या धगीत नोझलमधून डिझेलची बारीक पिचकारी उडाली की पेटलीच. आता हाच हिशेब उणे 30 अंशांच्या सकाळी मांड. 243 गुणिले 3.1, म्हणजे 753. वजा 273.

"चारशे ऐंशी! म्हणजे... आबा, बाहेर 57 अंश कमी झाले, आणि आत 177 कमी झाले?"

बरोबर तिथंच मेख आहे. दाबल्यानं तापमानात ठरावीक भर पडत नाही, त्याचा गुणाकार होतो. मुद्दलच कमी असलं तर गुणाकारही रोडावतो. आणि हे झालं कागदावरचं. खरं लोखंड रात्रभर गारठलेलं असतं, ते तापलेल्या हवेतली ऊब शोषून घेतं. त्यात सेल्फ दमलेला, इंजिन रटाळ फिरवतो. जितकं सावकाश फिरेल तितका उष्णतेला पळायला वेळ मिळतो आणि दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटते. पिचकारी उडते, पण पेट घेत नाही. डिसेंबरातल्या पहाटे आपला ट्रॅक्टर सुरू होता होता सायलेन्सरमधून पांढरा धूर ओकतो, तो बघितलाय ना? डोळे चुरचुरतात, वासही कच्च्या डिझेलचा येतो. ते न जळलेलं डिझेलच धुक्यासारखं बाहेर पडत असतं. गावात लोक लगेच बॅटरीला शिव्या घालतात. बॅटरी बिचारी निम्म्या वेळा निर्दोष असते.

आपल्याकडे पारा चार-पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, बागायतदार पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. ट्रॅक्टरचं म्हणाल, तर रात्री उताराला लावून ठेवला आणि पहाटे घरंगळवत सुरू केला की आपलं भागतं. तुमची आत्या राहते त्या कॅनडातल्या सस्कॅटूनकडे हे चालत नाही. पहिली गोष्ट, तिथं उतारच नाहीत, जमीन परातीसारखी सपाट. आणि जानेवारीत पारा उणे 30 च्या खाली जातो, कधी उणे 40 ला टेकतो. या उणे 40 ची एक गंमत आहे. सेल्सियसनं मोजा नाहीतर फॅरनहाइटनं, आकडा तोच येतो.

"पण एवढ्या बर्फात नांगरणी कशाला करायची?"

नांगरणी नाही रे. गाईंना खायला नको? तिकडं गवत उन्हाळ्यातच कापून त्याचे गोल गठ्ठे वळून ठेवतात. एकेक गठ्ठा पाच-सहाशे किलोचा. तो हातानं हलत नाही. ट्रॅक्टरच्या पुढच्या काट्यावर उचलून गोठ्याकडे न्यायचा. गुरांना थंडीत अंगात ऊब ठेवायला उलट जास्तच चारा लागतो. म्हणजे ज्या दिवशी ट्रॅक्टर सुरू व्हायला सगळ्यात कठीण, त्याच दिवशी तो सुरू व्हायलाच हवा.

आत्याच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याचा गोठा मी तिथं गेलो तेव्हा बघितला. ट्रॅक्टरच्या नाकातून एक जाड वायर लोंबत होती आणि तिचं टोक भिंतीतल्या सॉकेटात खोचलेलं. मला वाटलं, बॅटरी चार्ज होतेय. बॉनेटवर हात ठेवला तर कोमट! बाजूच्या नांगराच्या फाळाला मात्र एवढे दाट हिमकण चिकटलेले, की हातमोजा घातलेलं बोटही लावावंसं वाटेना. त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला इंजिनात एक हीटर असतो. इंजिनाभोवती फिरणारं पाणी तो तापवत राहतो, साधारण हजार वॅटचा. पहाटे कामाला लागायच्या दोन-चार तास आधी तो सुरू व्हावा म्हणून मध्ये टायमर लावतात.

हा शोध कुणा मोठ्या कारखान्याचा असेल असं वाटेल, पण तसं नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात ग्रँड फोर्क्स नावाचं गाव आहे. तिथल्या वीज सहकारी संस्थेच्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या व्यवस्थापकानं गाडी पहाटे सुरू व्हावी म्हणून इंजिनाचा एक बोल्ट काढला आणि त्याच्या जागी बसेल असा विजेचा हीटर केला. तांब्याच्या भंगार नळीचा तुकडा आणि जुन्या इस्त्रीतली तार वापरून म्हणे. 1949 मध्ये त्याला पेटंट मिळालं. सहकारातून साखर निघते तशी ऊबही निघते म्हणायची. आता सस्कॅटून ज्या प्रांतात आहे त्या सस्कॅचेवानमध्ये दुकानांपुढच्या पार्किंगमध्येसुद्धा गाड्यांसाठी सॉकेट असतात.

या हीटरनं मघाचा गुणाकार सुधारतो. लोखंड कोमट म्हणजे उबेची चोरी कमी. वर इंजिनाचं तेल पातळ राहतं. आपण वापरतो ते पंधरा-चाळीस नंबरचं तेल उणे 30 ला मधासारखं घट्ट होऊन बसतं. तिकडं शून्य-चाळीस किंवा पाच-चाळीसचं टाकतात. पहिला आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत जास्त वाहतं. आणि बॅटरी? तिच्या पोटात रसायनं एकमेकांना भेटतात तेव्हा वीज निघते, आणि थंडीत ती सगळीच आळसावतात. उणे 18 अंशांना बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. उतरलेल्या बॅटरीत आम्ल कमी आणि पाणीच जास्त उरतं, ती उणे 10 च्या आसपासच गोठून फुटू शकते. पूर्ण भरलेली उणे 50 लाही गोठत नाही.

पाण्यावरून आठवलं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असलं तर एका रात्रीत ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो, म्हणून पाण्यात ग्लायकॉल मिसळतात. आता ओळखा, नुसतं ग्लायकॉल कितीला गोठत असेल?

"उणे शंभर!" "उणे पन्नास!"

उणे 13 च्या आसपास. पाणी शून्याला, ग्लायकॉल उणे 13 ला, आणि दोन्ही निम्मं निम्मं एकत्र केलं की मिश्रण जाऊन पोचतं उणे 37 पर्यंत! एकटं एकटं असताना जे जमत नाही ते दोघांना मिळून जमतं, कारण स्फटिक व्हायचा तर एकाच जातीच्या रेणूंनी ओळीत लागावं लागतं आणि मध्ये परका घुसला की ओळ मोडते. असर जास्त व्हावा म्हणून पाणी न घालता नुसतं ग्लायकॉलच ओतणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांचं इंजिन पाणी मिसळणाऱ्यापेक्षा आधी गोठेल.

एवढं सगळं करून इंजिन सुरू झालं, गोठ्यापर्यंत गेलं आणि मध्येच आचके देत बंद पडलं. हे त्या शेतकऱ्याकडेच घडलेलं, त्यानंच सांगितलं. टाकीत डिझेल होतं. हीटर लावलेला होता. मग काय झालं?

खोबरेल तेलाची बाटली दिवाळीनंतर काय करते?

"थिजते! आई ती गरम पाण्याच्या भांड्यात ठेवते."

तेच झालं. डिझेल म्हणजे एक पदार्थ नव्हे, शेकडो तऱ्हेचे रेणू त्यात असतात. कार्बनच्या दहा ते वीस-बावीस मण्यांच्या माळा. काही माळा वाकड्यातिकड्या, फांद्या फुटलेल्या. काही सरळसोट. सरळ माळा गारठल्या की एकमेकींना बिलगून शेजारी शेजारी नीट रचून बसतात आणि मेण तयार होतं. आधी डिझेल धुरकट होतं. मग त्यात पातळ चकत्या दिसतात. त्या शेतकऱ्यानं फिल्टरखालची काचेची वाटी काढली तेव्हा आत सायीसारखं पांढरट काहीतरी दाटलं होतं आणि फिल्टरच्या कागदावर त्याचा थर बसलेला. टाकी भरलेली आणि इंजिन उपाशी!

इथं निसर्गाची एक खोडी आहे, ती मला फार आवडते. सोळा कार्बनांच्या सरळ माळेला सीटेन म्हणतात. डिझेल किती चटकन पेटतं हे मोजायला तिलाच शंभर गुण दिलेत, ती मोजपट्टी आहे. म्हणजे दाबानं पेटणाऱ्या इंजिनाला ही माळ फार लाडकी. आणि तीच माळ चक्क 18 अंशांना गोठते! जी चांगली पेटते तीच आधी थिजते. वाकड्या माळा थिजायला नाखूश आणि पेटायलाही नाखूश. रिफायनरीला दोघींना घेऊन संसार करावा लागतो. म्हणून थंड मुलखात हिवाळ्याचं डिझेल निराळं मिळतं, हलकं, रॉकेलच्या जवळ जाणारं. ते थिजत नाही, पण लिटरमागे थोडी कमी ताकद देतं. तक्रार करायची नाही, गाई उपाशी राहण्यापेक्षा बरं.

आपल्याकडेही डिझेलचं मानक उन्हाळ्याला वेगळं आणि हिवाळ्याला वेगळं आहे. वाहायचं थांबण्याची मर्यादा उन्हाळ्यात 15 अंश चालते, हिवाळ्यात ती 3 अंशांवर आणावी लागते. म्हणून निफाडात डिझेल सहसा थिजत नाही, आपलं अडतं ते जाळाच्या हिशेबात. लडाखचं मात्र तसं नाही. तिथं ट्रकवाले टाकीखाली जाळ करायचे. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण दुसरा इलाज काय होता? नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलनं पानिपतच्या रिफायनरीत बनवलेलं खास डिझेल लडाखला पाठवायला सुरुवात केली. ते उणे 33 पर्यंत वाहतं.

"आणि लडाखला नसेल मिळालं तर? टाकीत टाकायचं औषध असतं ना?" ओमनं विचारलं. दुकानातल्या बाटल्या त्यानं बघितलेल्या दिसतात.

असतं. ते काय करतं हे ऐकायला मात्र अंटार्क्टिकाच्या समुद्रात उतरावं लागेल. तिथलं खारं पाणी उणे 1.9 अंशांपर्यंत द्रव राहतं. माशाचं रक्त त्या पाण्याइतकं खारट नसतं, म्हणजे हिशेबानं ते उणे एकाच्याही आधी गोठायला हवं. पण मासे मजेत पोहतात. आर्थर डिव्हरीझ नावाच्या शास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात याचा छडा लावला. माशांच्या रक्तात साखर जोडलेली खास प्रथिनं असतात. रक्तात बर्फाचा इवलासा कण तयार झाला की ही प्रथिनं त्याच्या अंगाला चिकटतात आणि त्याला वाढूच देत नाहीत. बर्फ होतो, पण मोठा होत नाही.

डिझेलमधलं औषध बर्फाऐवजी मेणावर तीच चाल खेळतं. त्याचे लांबलचक रेणू मेणाच्या कणाला चिकटतात. मोठ्या चकत्या बनण्याऐवजी बारीक सुयांसारखे असंख्य कण बनतात आणि सुया फिल्टरमधून डिझेलला वाट देतात. मेण तेवढंच असतं, फक्त त्याचा आकार बदलतो. म्हणूनच हे औषध डिझेल कोमट असताना टाकावं लागतं. एकदा चकत्या बनल्या की वरून बाटलीच्या बाटल्या ओतल्या तरी त्या मोडत नाहीत. त्या शेतकऱ्यानं औषध टाकलं होतं, पण ट्रॅक्टर बंद पडल्यावर! शेवटी नवा फिल्टर, शेडमध्ये गरम हवेचा झोत आणि अर्धा दिवस.

"मला सांगा आबा," मुक्ता म्हणाली, "एवढ्या कटकटीपेक्षा हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरला तर? शेजारचे काका धरतात."

धरतात, आणि एअर क्लीनर जाळून घेतात. दुसरे शहाणे ईथरचा फवारा मारतात. ईथर फार कमी उष्णतेला पेटतं. ज्या इंजिनात हवा तापवायला हीटर बसवलेला असतो, तिथं हीटर लाल असताना ईथर गेलं तर पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोट होतो. पिस्टन मोडलेले मी डोळ्यांनी बघितलेत. आपल्या ट्रॅक्टरला किल्लीत हीटरचा टप्पा आहे, तो असाच हवा तापवतो. अर्धा मिनिट किल्ली त्या टप्प्यावर धरून ठेवायची आणि मगच सेल्फ मारायचा. बरीच माणसं तेवढी कळ काढत नाहीत आणि मग दहा वेळा सेल्फ मारत बसतात.

सुरू झाल्यावरही एक चूक सगळे करतात. ट्रॅक्टर नुसता भुकभुकत ठेवतात, "गरम होऊ दे" म्हणून. डिझेल इंजिन रिकामं चालताना इतकं कमी इंधन घेतं, की कडाक्याच्या थंडीत ते धड तापतच नाही. अर्धवट जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवर साचतं, तेलात उतरतं, सायलेन्सरमधून काळे थेंब गळतात. दोन-चार मिनिटं तेल वर चढू द्यावं, मग हलक्या कामाला जुंपून सावकाश चालवावं. हायड्रॉलिकला घाई करू नये; तिथलं तेलही गारठलेलं असतं, एकदम भार दिला की पंप ओरडतो. पहिला गठ्ठा त्या शेतकऱ्यानं इतका हळू उचलला, की मला वाटलं काही बिघडलंय.

2014 मध्ये मॅनॉन ओस्सेवूर्ट नावाची एक डच बाई साध्या शेती ट्रॅक्टरवर, मॅसी फर्ग्युसनवर, थेट दक्षिण ध्रुवावर गेली. निघाली त्या रशियन तळाजवळच आपला 'मैत्री' तळ आहे. 9 डिसेंबरला ती ध्रुवावर पोचली. तिच्या आधी 1958 च्या जानेवारीत एडमंड हिलरी फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन तिथं पोचला होता, पण त्याचे ट्रॅक्टर पेट्रोलचे. त्यांना ठिणगी होती. डिझेलचा ट्रॅक्टर त्या गारठ्यात आपली आग आपणच करत, हवा दाबून दाबून, हजारो किलोमीटर चालला, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आणि चालत राहिला तर तो स्वतःची काळजीही घेतो. पंपाकडे गेलेलं सगळं डिझेल जळत नाही. बरंचसं पंपाला आणि नोझलला गारवा देऊन, स्वतः तापून, परतीच्या नळीनं टाकीत येतं. म्हणजे इंजिन जळता जळता आपलीच टाकी तापवत असतं. मोठी अडचण पहिल्या अर्ध्या तासाची असते. ती परत येऊ नये म्हणून तो शेतकरी काम संपल्यावर लगेच टाकी काठोकाठ भरतो. अर्धी टाकी ठेवली तर वरच्या हवेतला दमटपणा रात्री पत्र्याच्या आतून दवासारखा जमतो, ते पाणी तळाशी जातं आणि नळीत गोठून बसतं.

आपल्याकडे ते गोठत नाही, पण पंप गंजवतं. तेव्हा ओम, उद्या पहाटेच फवारणीला जायचंय. आत्ताच टाकी भर, फिल्टरखालचा छोटा नळ सैल करून पाणी काढून टाक, आणि ट्रॅक्टर उताराला लाव. चाकाला दगड लावायला विसरू नकोस.